डोंगरवाटेची सायकल निवडताना

सिल्वासात सायकल म्हटली की डोळ्यांसमोर येते ती काळी, दांडीची, मागे कॅरिअरला जेवणाचा डबा अडकवलेली सायकल. शिफ्ट सुटली की कारखान्यांच्या फाटकांतून अशा सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. आता त्यातले बरेचजण मोटारसायकलवर आले. सायकल उरली ती शाळकरी मुलांकडे, आणि डॉक्टरांनी ‘हालचाल ठेवा’ म्हणून बजावलेल्या आमच्यासारख्यांकडे.

मी मूळचा धुळ्याकडचा. सत्तावीस वर्षं इथल्या एका सूत कारखान्यात मेंटेनन्स खात्यात काढली. गेली सहा वर्षं साखरेचा त्रास आहे. सायकल चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती. हरकत होती ती रस्त्याची. वापी-सिल्वासा रस्त्यावर पहाटेपासून कंटेनर आणि टँकर यांची रांग असते. आमच्या खात्यातले एक सहकारी सकाळी सायकलवर निघाले होते, त्यांना मागून धक्का बसला आणि ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून आमच्या सौ.चं म्हणणं एकच, “अहो, गच्चीवर फेऱ्या मारा, पण त्या रस्त्याला सायकल काढायची नाही.”

म्हणून नजर वळली खानवेलकडे. सिल्वासापासून वीसेक किलोमीटरवर साकरतोड नदीकाठचं हे गाव. तिथून पुढे दुधनीच्या जलाशयापर्यंत आणि इकडे जव्हार-मोखाड्याच्या हद्दीपर्यंत सगळा चढउताराचा मुलूख. पाड्यापाड्यांना जोडणाऱ्या मुरमाच्या वाटा, बैलगाडीचे चाकोरे, सागाच्या झाडीतून उतरणाऱ्या पायवाटा. ट्रकची भीती नाही. सायकली खानवेलपर्यंत गाडीतून न्यायच्या आणि पुढे चाकं फिरवायची, असं ठरलं. पण अशा वाटेवर कोणती सायकल चालते? या एका प्रश्नावर आमच्या घरात दोन महिने खल झाला. तो वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून इथे मांडतो.

शॉक किती हवा?

डोंगरी सायकलींचा इतिहास तसा फार जुना नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मरीन परगण्यातली काही तरुण मंडळी १९७० च्या दशकात जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरू लागली. उतारावर मागच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्यानं भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं. तिथली पहिली शर्यत १९७६ साली झाली. तेव्हा शॉक वगैरे काही नव्हतं. सगळे धक्के मनगटानं सोसायचे. बाजारात जम बसवणारा पहिला शॉकवाला चिमटा १९८९-९० च्या सुमारास आला. त्याची हालचाल दोन इंचांहूनही थोडी कमीच होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला, आणि पुढे शॉकची लांबी वाढत गेली.

या लांबीला दुकानदार ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. दगड आला की चाक वर किती सरकू शकतं, ते माप. शर्यतीच्या हलक्या सायकलींना साधारण १०० मिलिमीटर असतं. नुसतं डोंगरउतारावर झोकून देणाऱ्या सायकलींना २०० पर्यंत. या दोहोंच्या मधला, १२० ते १५० मिलिमीटरचा गट हा सर्व प्रकारच्या वाटांसाठी. चढही चढायचा, उतारही उतरायचा आणि मधला सपाट रस्ताही कापायचा, अशांसाठी तो बनवलेला असतो. आपल्याकडच्या वाटांना दगड आहेत, खाचा आहेत, पण हिमालयातले कडे नाहीत. त्यामुळे १२० ते १३० पुरे, हे लवकरच ध्यानात आलं. शॉक जास्त लांब घेतला तर वजन वाढतं, आणि त्याचं ओझं प्रत्येक चढावर आपल्याच मांड्यांना वाहावं लागतं.

एक की दोन?

खरा पेच पुढे होता. पुढेच शॉक असलेली सायकल घ्यावी की मागेपुढे दोन्हीकडे? दोन्हीकडे शॉक असेल तर मागचं चाक जमीन सोडत नाही, कंबरेला आराम मिळतो. माझी कंबर आता काही तरुण नाही, त्यामुळे मोह मलाही झाला. चौकशी केली तेव्हा कळलं, की अशी खरीखुरी, नामांकित सायकल दोन लाखांच्या घरात जाते, बहुतेक त्याही पुढे. फक्त पुढे शॉक असलेली, हवेच्या चिमट्याची चांगली सायकल पाऊण लाखाच्या आसपास मिळते.

आमची आर.डी. नुकतीच पिकली होती. बरोबर दोन लाख. आमची लेक वापीला एका कंपनीत प्रयोगशाळेत आहे. ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही डबलवालीच घ्या. माझी कॉलेजातली जुनी आहे ना.” सौ. म्हणाली, “दोन चाकांना दोन लाख? अहो, दोन स्कूटर येतील एवढ्यात!”

दोघींचंही मी ऐकून घेतलं, पण निर्णय झाला तो डॉक्टरांच्या एका वाक्यावर. माझ्या गोळ्या साखर खाली आणणाऱ्या आहेत. बराच वेळ श्रम केले की साखर एकदम उतरू शकते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. “खिशात ग्लुकोज ठेवा आणि रानात एकटे कधीही जाऊ नका,” असं त्यांनी बजावलं होतं. मग हिशोब सोपा झाला. दोन लाखांची सायकल माझ्यापाशी आणि लेक जुन्या, रस्त्याच्या बारीक टायरवर. ती माझ्याबरोबर पाड्यापलीकडे येणार कशी? सोबत हवी असेल तर दोघांच्या सायकली त्याच वाटेवर टिकणाऱ्या हव्यात. एका उंची सायकलीपेक्षा दोन मध्यम बऱ्या.

दोन्ही एकच सायकल आलटूनपालटून वापरू, असंही सुचवून झालं. ते जमत नाही. माझी उंची पाच फूट सात इंच, लेकीची पाच फूट एक. सीट खालीवर केली म्हणून सांगाडा लहानमोठा होत नाही. दांडीवर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहिलं तर मांडी आणि दांडी यांत निदान दोन-तीन बोटं अंतर हवं, आणि हँडल धरताना कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. त्यामुळे तिला लहान मापाची, साडेसत्तावीस इंची चाकांची आणि मला मध्यम मापाची, एकोणतीस इंची चाकांची घ्यायची ठरली. मोठं चाक दगडावरून सहज लोळतं. लहान चाक ठेंगण्या माणसाच्या ताब्यात राहतं.

कराची गोष्टही सांगून टाकतो. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला. सत्तर हजार मूळ किमतीवर आधी ८,४०० रुपये कर बसायचा, आता ३,५०० बसतो. दोन सायकलींमागे ९,८०० रुपये वाचले. त्यात दोन चांगली हेल्मेट, हातमोजे आणि चिमट्यात हवा भरायचा पंप भागला.

दिसतं तसं नसतं

इथे एक सावधगिरीची सूचना. बाजारात पंधरा-वीस हजारांत ‘डबल शॉकअप’ म्हणून सायकली दिसतात. रंग झगझगीत, मागे जाडजूड स्प्रिंग. मुलं हट्ट धरतात. पण त्या स्प्रिंगला आवर घालणारं तेल आत नसतं. आम्ही मेंटेनन्सवाले एवढं जाणतो की स्प्रिंग धक्का साठवते आणि तेल तो जिरवतं. दाराला लावलेला क्लोजर दार हळूच मिटवतो, तसं काम शॉकमधलं तेल करतं. तेल नसेल तर साठवलेला धक्का स्प्रिंग तसाच उलटा फेकते, आणि उतारावर माणूस हँडलवरून पुढे जातो. शिवाय मागच्या सांध्याचे बुश काही महिन्यांत ढिले होतात आणि सायकलीचं वजन सतरा-अठरा किलोंवर जातं. त्याच पैशांत साध्या, शॉक नसलेल्या चिमट्याची मजबूत सायकल कितीतरी बरी.

दुकानात तपासायच्या गोष्टी आम्ही वहीत लिहून नेल्या होत्या.

पहिली, चिमटा. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार द्या आणि सोडा. चिमटा ‘टक्’ करून उसळला तर तेलाचं काम नीट नाही. दमानं वर आला तर ठीक. मग ब्रेक दाबूनच सायकल मागेपुढे हलवा. खडखड जाणवली तर सांधा ढिला आहे. स्प्रिंगचा चिमटा एकाच वजनाच्या माणसाला बेतलेला असतो. हवेचा चिमटा ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे जुळवता येतो. मी अठ्ठ्याहत्तर किलोंचा, लेक पन्नासची, म्हणून आम्हाला हवेचाच हवा होता. सायकलवर नुसतं बसल्यावर पुढचा शॉक पाचव्या हिश्श्याइतका दबायला हवा. म्हणजे १२० मिलिमीटरचा असेल तर साधारण २४ मिलिमीटर. ही हवा त्याच्या खास पंपानंच भरावी, पेट्रोलपंपावरच्या नळीनं कधीही नाही.

दुसरी, ब्रेक. तेलावर चालणारे डिस्क ब्रेकच घ्यावेत. रिमवर घासणारे रबरी ब्रेक ओल्या चिखलात निकामी होतात. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे विसरून चालणार नाही. यात तेलाचे दोन वेगळे प्रकार असतात आणि एकाच्या जागी दुसरं घातलं की आतले रबर फुगून बाद होतात, म्हणून कोणतं लागतं ते आधीच विचारून ठेवावं.

तिसरी, टायर. सव्वादोन इंच किंवा थोडे अधिक रुंद, ठळक गुठळ्यांचे. आपल्या रानात बाभूळ आणि बोर मुबलक, म्हणून शक्य तर ट्यूबलेस करून आत सीलंट घालावं. काटा रुतला तरी भोक आपोआप बुजतं. मात्र उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी पाहावं लागतं.

चौथी, गिअर. पुढे तीन चकत्यांचा सोस धरू नये. पुढे एकच लहान चकती आणि मागे दहा-बारा चकत्यांची रास, त्यातली शेवटची ताटलीएवढी मोठी असली की दुधनीकडचा चढ बसूनच चढता येतो. चेन उतरण्याची कटकटही कमी.

पाचवी, पुढचा विचार. चाकाचा आस आरपार पेचाचा असेल आणि हँडलखालची नळी खाली रुंद होत गेलेली असेल, तर पुढेमागे याहून चांगला चिमटा बसवता येतो. सांगाडा तोच राहतो, सायकल मात्र सुधारत जाते.

वाट आपली नाही

सायकल आली म्हणजे सगळं झालं असं नाही. या वाटा खेळासाठी आखलेल्या नाहीत. त्या वारली, कोकणा, धोडिया मंडळींच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या आहेत. डोक्यावर मोळी घेतलेली बाई समोरून आली तर आपण उतरून कडेला उभं राहायचं. पावसाळ्यात भाताच्या बांधावरून चाकं घालायची नाहीत, बांध फुटतो. पाड्यातून जाताना वेग पायी चालल्याइतका ठेवायचा. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याला विचारल्याशिवाय शिरायचं नाही. आणि फाल्गुनात सागाची वाळकी पानं वाटेवर पसरतात, त्यांखाली दगड दडलेले असतात. तिथे ब्रेक हलक्या हातानं लावायचा.

घरी आल्यावर चिखल बादलीभर पाण्यानं आणि फडक्यानं धुवावा. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा मारला की बेअरिंगमधलं ग्रीस वाहून जातं. चेन कोरडी करून तेलाचे थेंब द्यावेत आणि जादा तेल पुसावं. पन्नासेक तास चालवून झाले की चिमट्याचा खालचा भाग उघडून साफ करून घ्यावा. आमच्या कारखान्यात म्हणायचे, मशीन आवाज करायच्या आधी ग्रीस मागतं, सायकलही तशीच.

दिवाळीनंतर आम्ही दोघं दर रविवारी जातो. निघण्याआधी साखर तपासायची, दर पाऊण तासानं थांबायचं, आणि ग्लुकोजची पुडी दोघांच्याही खिशात. लेक पुढे असते, पण प्रत्येक वळणावर मागे वळून पाहते. सौ. गाडीत थर्मास घेऊन साकरतोडच्या पुलापाशी बसते आणि ‘दोन स्कूटर’चा विषय अजून काढते. तरी परवा तिनंच हळूच विचारलं, की तिच्या उंचीला कोणतं माप लागेल.

वाचकांपैकी कुणी त्या बाजूला गेलं आणि लाल हेल्मेटातले एक गृहस्थ चढावर धापा टाकताना दिसले, तर जरूर हात करा. थांबायला मला निमित्तच हवं असतं!