वहीशेजारचा लॅपटॉप : कळफलक आणि कारागीर

दिवाळीच्या वहीपूजनात लाल बासनातल्या वहीशेजारी आता लॅपटॉपही मांडला जातो. त्याच्या झाकणावर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, अक्षता पडतात आणि दुसऱ्या दिवशी तोच लॅपटॉप पुन्हा गादीवर येऊन बिले काढू लागतो. वही निवडताना मात्र जुनी माणसे जेवढी चोखंदळ असत, तेवढी चोखंदळ दृष्टी लॅपटॉपच्या वाट्याला क्वचितच येते. कागद शाई फोडतो का, शिवण घट्ट आहे का, वही सपाट उघडते का, हे मुनीम हात फिरवून पाहत असे. लॅपटॉप घेताना पडद्याचा झगमगाट, प्रोसेसरचे नाव आणि सणाची सूट एवढेच पाहिले जाते. ज्यावर दिवसाचे सहा-आठ तास बोटे चालायची तो कळफलक, आणि तो बिघडल्यावर ज्याच्या दारात जायचे तो कारागीर, हे दोघेही खरेदीच्या वेळी विस्मरणात राहतात.

त्यांची आठवण होते ती भलत्या वेळी. महिन्याची एकोणीस तारीख असते, जीएसटीचे ३बी विवरण दुसऱ्या दिवशी भरायचे असते आणि पाचाचा आकडा उमटेनासा होतो. कधी एकदा दाबल्यावर दोनदा उमटतो, आणि ते अधिक घातक, कारण न उमटलेला आकडा डोळ्यांना दिसतो, दोनदा उमटलेला ताळेबंदात जाऊन लपतो. लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात जावे तर कारागीर सांगतो की एक कळ बदलता येत नाही. एवढेच नव्हे, नुसता कळफलकही बदलता येत नाही, वरचा सगळा सांगाडाच मागवावा लागेल. किंमत ऐकून घरातला कर्ता पुरुष गप्प होतो, आणि जमाखर्च सांभाळणारी सून मात्र नकळत आपली दुखणारी मनगटे चोळत असते. तिच्या दुखण्याचे मूळही बहुधा त्याच कळफलकात असते.

कळफलकाचा पहिला गुण म्हणजे कळ किती खोल दबते. टेबलावरच्या जुन्या धाटणीच्या कळफलकाची कळ साडेतीन-चार मिलिमीटर खाली जाते. लॅपटॉपमध्ये तेवढी जागा नसते. दीड मिलिमीटरच्या आसपास खोली असली तर बोटाला कळ दाबल्याची स्पष्ट जाणीव होते. त्याहून फार उथळ कळेवर बोट जणू लाकडी फळीवर आपटत राहते. खोलीइतकाच महत्त्वाचा गुण कळेच्या उसळीचा. दाबल्यावर ती कोठे टेकली हे बोटाला कळले पाहिजे. मधोमध दाबल्यावर सबंध कळफलक खाली वाकत असेल तर तो लॅपटॉप तेथेच ठेवून द्यावा.

केवळ नाजूकपणाच्या मागे लागल्यावर काय होते याचे मोठे उदाहरण ॲपलचे आहे. २०१५ साली या कंपनीने लॅपटॉप अधिक पातळ करण्यासाठी ‘बटरफ्लाय’ रचनेचा कळफलक आणला. पहिल्या नमुन्यात कळ सुमारे अर्धा मिलिमीटरच दबे. धुळीचा बारीकसा कण आत गेला तरी कळ अडकू लागली किंवा दुहेरी उमटू लागली. कळफलक वरच्या सांगाड्याला जोडलेला असल्याने दुरुस्ती म्हणजे निम्मे यंत्र उघडण्यासारखे होते. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०१९ च्या अखेरीपासून ती पुन्हा जुन्या धाटणीच्या कळांकडे वळली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील दाव्यात, दोष मान्य न करता, ५ कोटी डॉलरची तडजोड तिने केली. हळदीच्या, धान्याच्या किंवा कापसाच्या पेढीवर धूळ हा रोजचा सोबती असतो. तेथे ही कहाणी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

व्यापारी घराची गरज लेखकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या गरजेहून निराळी असते. येथे अक्षरांपेक्षा आकडे अधिक. टॅली हे सॉफ्टवेअर १९८६ साली गोयंका पितापुत्रांनी सुरू केलेल्या उद्योगातून आले. सरावलेला माणूस त्यात माऊसला हात न लावता काम करतो : एफ५ दाबून अदायगी, एफ६ दाबून जमा, एफ८ ने विक्री, एफ९ ने खरेदी. मात्र आजकालच्या बहुतेक लॅपटॉपांवर याच कळांवर आवाज आणि उजेड कमीजास्त करण्याची कामे लादलेली असतात. विक्रीची नोंद करायला जावे आणि पडदा अंधारावा, असा अनुभव घराघरात आहे. अनेक लॅपटॉपांवर एफएन आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की ही अदलाबदल होते. काहींत ती यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये जाऊन करावी लागते. दुकानदाराकडून ती खरेदीच्या वेळीच करवून घ्यावी.

आकड्यांचा स्वतंत्र चौकोन साधारणपणे साडेपंधरा इंची लॅपटॉपवर मिळतो, चौदा इंचीवर नाही. त्यातही फसगत असते. काही ठिकाणी त्या चौकोनातल्या कळा इतरांपेक्षा अरुंद केलेल्या असतात, शून्याची कळ बोटाला सापडत नाही, वर-खाली जाण्याचे बाण अर्ध्या उंचीचे असतात, आणि यंत्र बंद करण्याचे बटण डिलीटच्या शेजारी येऊन बसलेले असते. शिवाय चौकोन आला की अक्षरे डावीकडे सरकतात आणि दिवसभर किंचित वाकडे बसावे लागते. ज्या घरात पत्रव्यवहार अधिक आणि नोंदी कमी, तेथे चौदा इंची लॅपटॉप घेऊन काही शंभर रुपयांचा सुटा आकडेफलक जोडणे शहाणपणाचे. तो बिघडला तर फेकून नवा घेता येतो. लॅपटॉप उघडावा लागत नाही.

दुकानात गेल्यावर परीक्षा साधी आहे. आदल्या दिवशीची पाच-दहा बिले खिशात न्यावीत आणि जो रोज नोंदी करणार आहे त्यानेच, खुर्चीवर बसून, ती त्या लॅपटॉपवर उतरवावीत. वडिलांनी पसंत केलेला लॅपटॉप सुनेने वापरायचा, ही रीत येथे चालत नाही. बोलताबोलता विक्रेता लवकर आटपा म्हणेल. त्याच्याकडे लक्ष देऊ नये.

आता दुरुस्तीकडे. लॅपटॉपचा कळफलक दोन तऱ्हांनी बसवतात. एकीत तो स्क्रूंनी धरलेला असतो. कारागीर तासाभरात काढून नवा घालतो. दुसरीत प्लॅस्टिकचे बारीक खुंट वितळवून तो सांगाड्याला कायमचा जडवलेला असतो. कारागीर ते खुंट तोडून नवा कळफलक बसवतातही, पण पुन्हा वितळवलेले खुंट पहिल्यासारखे धरत नाहीत आणि मधल्या कळा डुगडुगतात. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे प्रोबुक आणि एलिटबुक या कार्यालयीन वापराच्या मालिकांसाठी कंपन्या दुरुस्तीची सचित्र पुस्तिका खुली ठेवतात. कोणता भाग कशानंतर निघतो, हे तीत पायरीपायरीने दिलेले असते. तरी मालिकेच्या नावावर विसंबू नये; त्याच मालिकेतल्या अति पातळ नमुन्यात रचना वेगळी असू शकते. नेमक्या नमुन्याची पुस्तिका आपल्या कारागिराला दाखवावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत चौकशी केली तर पाच मिनिटांत कळते की या नमुन्याचा कळफलक आणि बॅटरी बाजारात सहज मिळतात की मागवाव्या लागतात.

त्याच बैठकीत आणखी काही गोष्टी विचाराव्यात. रॅम खाचेत बसते की मदरबोर्डवरच डाख दिलेली आहे? चार्जिंगची पिन सुट्या तारेवर आहे की मदरबोर्डला जोडलेली? सुटी असेल तर ती ढिली झाल्यावर किरकोळ खर्चात बदलते. जोडलेली असेल तर काम नाजूक आणि महाग. बॅटरी कालांतराने फुगते, तेव्हा टचपॅड वर उचलला जातो किंवा तळ फाकतो. अशा वेळी ती दाबून बसवण्याचा किंवा टोचण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो. वापर त्याच क्षणी थांबवून ती कारागिराकडून काढवावी.

सर्वांत मोठी चिंता यंत्राची नसून आतल्या हिशेबाची. एसएसडी सुटी असेल तर मदरबोर्ड जळला तरी ती दुसऱ्या लॅपटॉपला लावून खतावणी परत मिळते. पण विंडोज ११ मध्ये पुष्कळदा ती आपोआप कुलूपबंद झालेली असते, आणि तिची पुनर्प्राप्तीची चावी ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते ते खाते दुकानातल्या पोराने सुरुवातीला स्वतःच्या नावाने उघडून दिलेले असते. खाते पेढीच्या नावाने उघडावे, चावीचे आकडे कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावेत आणि टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी वेगळ्या ठिकाणी घ्यावा.

कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले जुने लॅपटॉप काटकसरी घरांना भुरळ घालतात, आणि त्यांचे कळफलक खरोखर चांगले असतात. फक्त एक पाहावे : विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. नवा घेतल्यास बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे, म्हणजे धंद्यासाठी वापरलेल्या यंत्रावरील १८ टक्के कराची वजावट मिळते. मात्र त्या कराच्या रकमेवर घसारा धरला तर ती वजावट जाते. हमीपत्रात दुरुस्तीवाला दुकानी येणार की लॅपटॉप शहरात न्यावा लागणार, हेही वाचावे. तालुक्याच्या गावाला हा फरक दोन-चार दिवसांच्या धंद्याएवढा असतो. चहा सांडणे साध्या हमीत बसत नाही.

ग्राहकाच्या या हक्काकडे आता सरकारेही पाहू लागली आहेत. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणे सुरू झाले. भारतात २०२२ च्या डिसेंबरात ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले, तेथे कंपन्यांच्या सेवा आणि सुट्या भागांची माहिती मिळते. खरेदीला निघण्यापूर्वी ते एकदा पाहावे. आणि बिले खिशात घ्यायला विसरू नये.