कृष्णाकाठचे खुले संशोधन

वैद्यकीय संशोधन ही महानगरांतील विद्वानांचीच मिरास होय, अशी समजूत ज्यांची असेल, त्यांनी कऱ्हाडच्या कृष्णा अभिमत विद्यापीठाचे २०१२ पासून निघणारे इंग्रजी नियतकालिक अवश्य चाळावे. त्याचे दप्तर वर्गणीवाचून कोणासही खुले आहे. हा मुलूख वैद्यकविद्येला नवखा नाही: डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय उघडले, तेव्हापासून दूरदूरच्या खेड्यांतील रुग्णांचा ओघ सांगली परिसराकडे वाहत आला आहे.

खेड्यात केलेल्या संशोधनाचे सामर्थ्य पाहावयाचे तर गडचिरोलीकडे वळावे. तेथील डॉक्टर बंग दांपत्याने ३९ गावांत, त्याच गावच्या स्त्रियांस प्रशिक्षण देऊन नवजात अर्भकांची घरीच शुश्रूषा आरंभिली, शेजारची ४७ गावे तुलनेसाठी घेतली, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ पासून आशाताई देशभर बाळंतिणींच्या घरी ज्या गृहभेटी देतात, त्यांमागे या कार्याची प्रेरणा आहे.

म्हणून असे शोधनिबंध वाचताना आधी तुलनेची गावे होती काय ते पाहावे. नसतील तर टक्केवारीवर फारसा भरवसा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नियतकालिकाच्या खुलेपणातही इंग्रजी भाषेचा अडसर उरतोच (हा दोष लहान नव्हे!). म्हणून सातारा-सांगलीच्या शिक्षकांस व वैद्यकीय विद्यार्थ्यांस विनंती, की आपल्या तालुक्याशी निगडित एखादा निबंध निवडून त्याचा मराठी सारांश ग्रामसभेत वाचून दाखवावा.