श्रद्धा, दृष्टी आणि विरोध : पंडिता रमाबाईंच्या निमित्ताने



समाज विरोधात गेला की ख्रिस्ती माणसाने श्रद्धा कशी टिकवायची, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत नेहमी निघतो. मी त्यात एक शब्द वाढवतो : दृष्टी. कारण श्रद्धा काय, माणूस हट्टानेसुद्धा धरून ठेवतो. दृष्टीचं तसं नाही. हट्ट वाढला की दृष्टी मंदावते.

योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय आठवा. जन्मांध माणसाला दिसू लागतं आणि लगेच त्याची उलटतपासणी सुरू होते. शेजारी विचारतात, परूशी विचारतात. आईबाप भिऊन अंग काढून घेतात. पण गंमत पाहा, येशूबद्दलचं त्याचं उत्तर दर वेळी पुढे सरकतं. आधी तो म्हणतो, एक माणूस, मग संदेष्टा, मग देवाकडून आलेला. शेवटी सभास्थानातून बाहेर घालवल्यावर तो त्याला प्रभू म्हणून नमन करतो. म्हणजे डोळे एका दिवसात उघडले, पण दिसत गेलं ते विरोधातून.

आता आपल्या पुण्याकडे या. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये इथे आल्या, तेव्हा शहराने त्यांना डोक्यावर घेतलं. आर्य महिला समाज त्यांनी इथेच स्थापन केला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि वारं फिरलं. हा विरोध आपल्याला ठाऊक असतो. दुसरा विरोध आपण विसरतो, तो म्हणजे घरचा. रमाबाईंनी आज्ञाधारक राहावं, अशी वाँटेजच्या भगिनींची अपेक्षा होती. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये, असं बिशपांचं मत पडलं. रमाबाईंनी पत्रांतून सरळ वाद घातला. सिद्धांत पटल्याशिवाय त्या मान डोलवत नसत. क्रुसावरची अक्षरं लॅटिन का, संस्कृत का नकोत, हेही त्यांनी विचारलं. ख्रिस्त स्वीकारला म्हणून बुद्धी गहाण टाकली नाही, की शाकाहार सोडला नाही.

पुढे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहिलं आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं : आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. पंथ बदलणं आणि दर्शन होणं यांतलं अंतर शास्त्र्यांच्या या मुलीने बरोबर ओळखलं.

१८९३ चं वादळ याच्या नंतरचं. शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि १८९० मध्ये पुण्यात आलं. तिथे धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करत, पण दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे आपणही प्रामाणिक राहू या. पालकांची भीती खोटी नव्हती. विश्वासाने सोपवलेली मुलगी दुरावेल, ही ती भीती. आणि दार लावून घ्यायचं नाही, हा रमाबाईंचा आग्रहही समजण्यासारखा आहे. त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाई हिंदूच राहिल्या आणि १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला, हेही विसरू नका.

मग दृष्टी टिकली हे ओळखायचं कशावरून? विरोधानंतर माणसाला कोण दिसतं, यावरून. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. ज्यांनी नावं ठेवली त्यांना उत्तरं देत बसल्या असत्या, तर या मुली त्यांना दिसल्याच नसत्या. कानांनी त्यांना कमी ऐकू येई, पण हे त्यांना दिसलं. पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचं काम त्यांनी १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत केलं.

तेव्हा कोणी नावं ठेवली, बोलणं टाकलं, तर आधी स्वतःला विचारा : मी ख्रिस्ताला धरून आहे, की फक्त माझ्या बाजूला? आणि या भांडणात माझ्या शेजारचं कोणी मला दिसेनासं झालंय का? उत्तर अवघड वाटलं, तर प्रार्थनेला बसा. दार मात्र उघडं ठेवा.