कॅमेऱ्यातला अभ्यास आणि वैराग्य

पंढरीची वारी, कुंभमेळा, काशीचे घाट, लडाखमधले मठ यांची छायाचित्रे मराठी वाचकाला आता नवी राहिलेली नाहीत. राखेने माखलेले देह, धुक्यातली होडी, टाळांवर पडलेला उन्हाचा कवडसा दिसला की आपण त्या चित्राला आध्यात्मिक म्हणून मोकळे होतो. छायाचित्रकारही आपल्या परिचयात तीर्थाटन, योगसाधना आणि ध्यान यांचा उल्लेख आवर्जून करतात. ही श्रद्धा खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण समोर साधू उभा आहे म्हणून पाहणाऱ्याची नजर साधकाची होत नाही, आणि ती झाली आहे की नाही हे विषयावरून ठरवता येत नाही. त्यासाठी दुसरी कसोटी हवी, आणि ती आपल्या परंपरेत आहे. चित्तवृत्तींचा निरोध कशाने होतो याचे उत्तर देताना पतंजलींनी योगसूत्रांत दोनच गोष्टी सांगितल्या: अभ्यास आणि वैराग्य. या दोन गोष्टी छायाचित्रकाराच्या कामात शोधाव्यात, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी एक असा माणूस निवडतो, ज्याला कोणी योगी म्हटलेले नाही: फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ.

ब्रेसाँ यांचा जन्म १९०८चा. १९४७ साली रॉबर्ट कापा, डेव्हिड सेमूर आणि जॉर्ज रॉजर यांच्यासह त्यांनी 'मॅग्नम' ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली आणि त्याच वर्षी ते भारतात आले. त्यांची पत्नी रत्ना मोहिनी ही जावाची नर्तकी होती. आशिया त्यांना केवळ बातमीसाठी जवळचा नव्हता. ३० जानेवारी १९४८ रोजी दुपारी ते दिल्लीत बिर्ला भवनात महात्मा गांधींना भेटले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या आपल्या प्रदर्शनाची पुस्तिका त्यांनी गांधीजींना दाखवली. पाने उलटता उलटता गांधीजी एका चित्रापाशी थांबले. त्यात कवी पॉल क्लोदेल शववाहिनीकडे पाहत होते. ब्रेसाँ यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे गांधीजींनी त्या चित्राचा अर्थ विचारला आणि मृत्यू हा एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला. त्यानंतर थोड्याच वेळात गोळ्या झाडल्या गेल्या. त्या रात्री बिर्ला भवनाच्या फाटकावरून नेहरू लोकांना ती बातमी सांगत असतानाचे ब्रेसाँ यांचे चित्र अंधुक आहे, हललेले आहे, दिव्याच्या प्रकाशाने एका बाजूला पांढरे पडलेले आहे. तंत्राच्या हिशेबाने ते सदोषच आहे, पण त्या रात्रीचे दुःख त्याच्याइतके दुसऱ्या कोणत्याही चित्रात उतरलेले मला दिसत नाही.

दोन वर्षांनी, एप्रिल १९५०मध्ये, ते तिरुवण्णामलै येथे रमण महर्षींच्या आश्रमात होते. महर्षींच्या डाव्या हाताला कर्करोगाची गाठ झाली होती, अनेक शस्त्रक्रिया होऊनही ती पुन्हा वाढत होती. १४ एप्रिलला रात्री ८ वाजून ४७ मिनिटांनी महर्षींनी देह ठेवला. त्याच वेळी आकाशातून एक तेजस्वी उल्का संथपणे आश्रमाजवळच्या अरुणाचल डोंगराच्या माथ्याकडे गेल्याचे ब्रेसाँ यांनी सांगितले, आणि तसे पाहिल्याचे सांगणारे इतरही होते. तो योगायोग की आणखी काही, या वादात मला पडायचे नाही. जगातल्या सर्वांत चपळ हातांपैकी एक हात तिथे असूनही त्या क्षणाचे छायाचित्र नाही, आहे ती फक्त साक्ष. तिथून ते पुदुच्चेरीला गेले. नोव्हेंबर १९२६पासून एकांतात असलेल्या श्रीअरविंदांचे सुमारे तीस वर्षांत छायाचित्र निघाले नव्हते. २५ एप्रिलला ब्रेसाँ यांना त्यांच्या खोलीत प्रवेश मिळाला. जेमतेम दहा मिनिटांचा वेळ, आणि तेवढ्या वेळात श्रीअरविंदांच्या पापण्या लवल्या नाहीत अशी नोंद छायाचित्रकाराने केली. त्याच डिसेंबरात श्रीअरविंद गेले, त्यामुळे त्यांच्या अखेरच्या वर्षाचे जे रूप आज घरोघरी दिसते ते या भेटीतून आलेले आहे.

एवढ्यावर थांबलो तर ही एका नशीबवान बातमीदाराची गोष्ट होईल. खरा मुद्दा त्या दहा मिनिटांच्या आधीच्या वीस वर्षांत आहे. तरुणपणी ब्रेसाँ पॅरिसमध्ये आंद्रे लोत या चित्रकाराकडे शिकले. लोत यांचा सगळा भर रचनेच्या भूमितीवर असे. पुढे मार्टिन मुंकाची यांनी टिपलेले, टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणाऱ्या तीन मुलांचे चित्र त्यांनी पाहिले आणि क्षण असाही पकडता येतो हे त्यांना उमगले. १९३२च्या सुमारास हातात लायका कॅमेरा आला आणि बहुतेक सगळे आयुष्य ५० मिलिमीटरच्या एकाच लेन्सवर गेले. भूमितीचा रियाज डोळ्यात इतका मुरला की रस्त्यावर चालताना ती मांडावी लागत नव्हती, आपोआप दिसत होती. पतंजलींनी अभ्यासाला तीन अटी घातल्या आहेत: तो दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा आणि आदराने केलेला हवा. ब्रेसाँ यांच्या कामात या तिन्ही अटी पुऱ्या होताना दिसतात.

विचार करायचा तो चित्र घेण्याआधी आणि घेतल्यानंतर, घेताना नव्हे, असे ते सांगत. मराठी वाचकाला इथे एक जुनी हकिकत आठवायला हरकत नाही. सुरत काँग्रेसनंतर, १९०८च्या आरंभी, विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याने बडोद्यात श्रीअरविंदांना ध्यानाला बसवले. विचार बाहेरून येतात, ते आत शिरण्याआधीच परतवून लावा, एवढीच सूचना होती. तीन दिवसांत मन निःशब्द झाले. अडचण पुढे आली: त्याच महिन्यात पुणे, मुंबई, नाशिक असा व्याख्यानांचा दौरा होता, आणि डोक्यात एकही विचार नाही. लेल्यांनी सांगितले, सभेला नमस्कार करा आणि वाट पाहा, बोलणे येईल. मुंबईच्या सभेत तसेच झाले. कर्म करण्यासाठी मनात गलबला लागतोच असे नाही, हा त्या प्रसंगाचा धडा. श्रीअरविंदांना वक्तृत्व लेल्यांनी दिले नाही. भाषेवरची हुकमत आणि वर्षानुवर्षांचे लेखन आधीच होते. लेल्यांनी फक्त मधला अडथळा दूर केला. शटर दाबणाऱ्या बोटाच्या बाबतीत ब्रेसाँ हेच म्हणत होते.

यावर जाणकार आक्षेप घेतील, आणि तो बिनतोड वाटावा असा आहे. ऑयगन हेरिगेल यांचे झेन आणि धनुर्विद्येवरचे पुस्तक चित्रकार जॉर्ज ब्राक यांनी ब्रेसाँ यांना दिले आणि ते त्यांना फार प्रिय होते, हे खरे. पण ते पुस्तकच १९४८चे. पॅरिसच्या साँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे जगप्रसिद्ध चित्र १९३२चे आहे. मग पूर्वेकडच्या अध्यात्माने हा कलावंत घडवला, असे कसे म्हणता येईल? म्हणता येणार नाही, आणि मी म्हणतही नाही. झेनने त्यांना हातोटी दिली नाही; आपण इतकी वर्षे काय करीत आलो हे सांगायला शब्द दिले. उतारवयात बौद्ध विचार त्यांना आपला वाटू लागला तो याच वाटेने, काम आधी आणि नाव नंतर. तीर्थयात्रेतून प्रेरणा मिळते या लोकप्रिय समजुतीला इथे उलटा पुरावा मिळतो: साधना तयार होती म्हणून तिरुवण्णामलै आणि पुदुच्चेरी त्यांना काही देऊ शकले.

दुसरा आक्षेप त्यांच्या कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे फिल्मच्या सगळ्या फ्रेम एकत्र छापलेले कागद, पाहिलेल्यांचा. एकाच प्रसंगाच्या अनेक फ्रेम त्यांत आहेत, म्हणजे ते एकच अचूक क्षण टिपतात ही त्यांची ख्याती दंतकथाच. आणि कापाकापी न करण्याचा नियम सांगणाऱ्या माणसाने साँ-लाझारचे चित्र तर कडेने कापलेले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिलीने माझे म्हणणे बळकटच होते, कारण अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा केलेला यत्न. एका झेपेत सिद्धी मिळाल्याचा दावा इथे नाही. दुसरी अपवादाची आहे: त्या दिवशी ते कुंपणाच्या फटीतून चित्र घेत होते आणि फळी आड आली होती. एका अपवादाने आयुष्यभराचा नेम मोडीत निघत नाही.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मरणाच्या दारातल्या ऋषीकडे कॅमेरा घेऊन जाणे हेच मुळात अध्यात्माच्या विरुद्ध नाही काय? कॅमेरा हिसकावून घेणारे यंत्र होऊ शकते, यात शंका नाही. म्हणूनच वैराग्य पाहायचे. ब्रेसाँ यांनी काय काय सोडले होते ते बघा. फ्लॅश वापरायचा नाही. लायकाचे चकाकणारे धातूचे भाग काळ्या पट्टीने झाकायचे. समोरच्याला उभे करून दृश्य जुळवायचे नाही. स्वतःचा चेहरा छापू द्यायचा नाही, कारण ओळख पटली की गर्दीत विरघळता येत नाही. श्रीअरविंदांच्या खोलीतल्या दहा मिनिटांत हे सारे उपयोगी पडले: तिथे जाणारा माणूस आधीच अर्धा अदृश्य झालेला होता.

याउलट, ब्रेसाँ यांच्याप्रमाणेच १९०८ साली जन्मलेला अमेरिकन छायाचित्रकार मायनर व्हाइट उघडपणे साधनामार्गी होता. कॅथलिक पंथ, झेन, गूढवादी गुर्जिएफची शिकवण अशा वाटांनी तो गेला, चित्र पाहण्याआधी विद्यार्थ्यांना शांत बसायला लावी. त्याची उत्तम चित्रे मात्र देवळांची नाहीत; खिडकीवरचे हिमस्फटिक, खडक, पोपडे सुटलेला रंग यांची आहेत. आणि १९७२मध्ये त्याने प्रार्थना हाच विषय घेऊन प्रदर्शन मांडले, तेव्हा त्यावर कडक टीका झाली. मला त्या टीकेत तथ्य दिसते: घोषणा मोठी झाली की चित्र तिच्या ओझ्याखाली जाते.

ब्रेसाँ यांनी १९७०च्या दशकात, कीर्तीच्या शिखरावर असताना, कॅमेरा जवळजवळ बाजूला ठेवला आणि ते पेन्सिलीकडे वळले. २००४मध्ये निधन होईपर्यंत रेखाटन हेच त्यांचे मुख्य काम होते.  ही कसोटी आपल्याकडे लावून पाहण्याची संधी पुढे आहे: २०२७मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची मोठी स्नाने होतील आणि लाखो कॅमेरे गोदाकाठी उतरतील. तिथे जाणाऱ्या तरुण छायाचित्रकारांना माझी विनंती आहे: एकच लेन्स न्या, फ्लॅश घरी ठेवा, साधूला पोझ द्यायला सांगू नका, आणि कुंभाला अजून अवकाश आहे तोवर आपल्या गावच्या बाजारात रोज तासभर डोळ्यांचा रियाज सुरू करा. आणि संपादकांनी ती चित्रे निवडताना भगवा रंग क्षणभर बाजूला ठेवून पाहावे.