अंश, कला आणि विकला

गेल्या वर्षी भूगोलाच्या प्रात्यक्षिकात माझ्या हातून पुणे शहर ४२ किलोमीटर सरकले. नकाशासंग्रहातून काही गावांची स्थाने उतरवून ती मोबाइलवरील नकाशावर शोधायची होती. पुण्यापुढे अक्षांश १८° ३१' उत्तर, रेखांश ७३° ५१' पूर्व असे छापलेले. मी १८.३१ आणि ७३.५१ असे आकडे दाबले. खूण पडली ती सह्याद्रीच्या डोंगरात, तोरण्याच्याही पश्चिमेला! मोबाइलचाच काहीतरी घोटाळा असणार, असे म्हणून मी प्रयोगवहीत तेच आकडे ठेवून दिले. सरांनी तांबड्या शाईने एवढेच लिहिले : "येथे कोण राहते?"

ही वही आजोबांच्या दृष्टीस पडली. आजोबा निवृत्त शिक्षक. पंचांग पुढे घेऊन ग्रहांची गणिते करीत बसणे हा त्यांचा विरंगुळा, आणि त्यावरून त्यांची थट्टा करणे हा माझा. त्या दिवशी मात्र पाळी त्यांची होती. "अरे, कला शाखेत शिकतोस आणि तुला कला ठाऊक नाही?" ते म्हणाले. "अंशाच्या पुढचे घर साठाचे असते, शंभराचे नव्हे."

खरोखर, एवढीच गोष्ट आहे. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. भूगोलाच्या पुस्तकात कलेला मिनिट व विकलेला सेकंद म्हणतात. तेव्हा ३१ कला म्हणजे अंशाचे ३१ भागिले ६०, म्हणजे सुमारे ०.५२; आणि ५१ कला म्हणजे ०.८५. मी १८.५२ आणि ७३.८५ असे आकडे घातले आणि खूण मुठेच्या काठी, पुण्याच्या जुन्या वस्तीत येऊन बसली. अशीच आणखी एक खोड : १८° ५' म्हणजे १८.५ नव्हे, १८.०८. माझ्यासारखे पुष्कळजण तेथे घसरतात.

आकाशातला एवढासा कोन जमिनीवर केवढा होतो, हेही तेव्हा कळले. अक्षांशाची एक कला म्हणजे जवळजवळ १.८५ किलोमीटर. खलाशांचा सागरी मैल तो हाच. १९२९ साली तो नेमका १८५२ मीटर ठरविण्यात आला. अक्षांशाची विकला सुमारे ३१ मीटरांची.

पण साठच का? ही पद्धत बॅबिलोनियन लोकांची. साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा या सर्वांनी नि:शेष भाग जातो. शंभराला तीनाने भागू लागलो की दशांश संपतच नाहीत. अपूर्णांकांची दगदग टाळणारा हा व्यवहारी हिशेब होता. ग्रीकांनी तो उचलला. पुढे लॅटिनमध्ये अंशाच्या वाट्याला 'पहिला बारीक भाग' आणि त्याच्याही वाट्याला 'दुसरा बारीक भाग' अशी नावे पडली. मिनिट म्हणजे बारीक आणि सेकंद म्हणजे दुसरा. घड्याळाकडे पाहताना हे कोणाच्या मनात येते!

आपल्याकडे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या 'आर्यभटीया'त कालाचे आणि वर्तुळाचे भाग एकाच धर्तीवर सांगितले आहेत. वर्तुळाच्या २१,६०० कला धरून तो त्रिज्याही कलांतच मोजतो. ती येते ३४३८. पंचांगात सूर्यापुढे ४-१२-४५-२० असे लिहिले असेल तर चार राशी पूर्ण, म्हणजे १२० अंश, वर १२ अंश ४५ कला २० विकला. ज्यांना मी आजोबांचे निरर्थक आकडे समजत होतो, ते वाचायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत. भविष्यावर माझा आजही विश्वास नाही. पण ते गणित आहे आणि ते चोख आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे.

"एका कलेने असे काय बिघडते?" असे मी वाद घालण्यासाठी विचारले. आजोबांनी केप्लरची हकीकत सांगितली. टायको ब्राहे या वेधकर्त्याने दुर्बिणीवाचून मंगळाचे वेध घेऊन ठेवले होते. केप्लरने वर्षानुवर्षे खपून मंगळासाठी वर्तुळाकार कक्षा बसविली, तरी काही वेधांत आठ कलांची तफावत राहिली. दुसऱ्या कोणी ती वेधाच्या माथी मारली असती. टायकोच्या हातून एवढी चूक होणे नाही, ही केप्लरची खात्री. म्हणून त्याने स्वत:ची कक्षाच मोडीत काढली. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे.

आणि मी मोबाइलला दोष दिला होता!

पुढच्या पौर्णिमेला आजोबांनी मला गच्चीवर नेले. हात पूर्ण लांब करून करंगळी डोळ्यासमोर धरायची. तिची जाडी साधारण एका अंशाची भरते. एक डोळा मिटून मी ती चंद्रावर आणली. चंद्र सगळा झाकला गेला आणि तेवढीच करंगळी उरली. चंद्राचे बिंब अवघे तीस कलांचे. त्याचा जेमतेम चतकोर म्हणजे केप्लरच्या त्या आठ कला.