दोन सत्रे आणि गाळपाचा हंगाम

महाराष्ट्रातील राज्य मंडळाच्या शाळांचे वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होते आणि दिवाळीच्या सुट्टीने त्याचे दोन भाग पडतात. पहिले सत्र पावसाळ्याचे. दुसरे थंडीत सुरू होऊन सकाळच्या शाळेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलच्या उन्हापर्यंत चालते. 1 मे रोजी निकाल लागतो आणि उन्हाळी सुट्टी सुरू होते. मोजमापाच्या पद्धती मात्र बदलत गेल्या. एके काळी तिमाही, सहामाही, नऊमाही आणि वार्षिक अशा चार परीक्षा होत. पुढे घटक चाचण्या आल्या. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि प्रत्येक सत्राला आकारिक व संकलित असे दोन भाग मिळाले. दोन सत्रांचा सांगाडा या सगळ्यात टिकून राहिला.

अहिल्यानगर जिल्ह्यात हे दुसरे सत्र सर्व मुलांच्या वाट्याला सारखे येत नाही. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांमुळे राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी हा उत्तरेचा पट्टा उसाचा झाला. लोणीजवळच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप 1950 साली सुरू झाले आणि त्यामागोमाग जिल्ह्यात कारखान्यांची रांग उभी राहिली. दक्षिणेकडचे पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके अवर्षणाचे. 1972 च्या दुष्काळानंतर तिथून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या वाढत गेल्या. एकाच जिल्ह्यात काही गावे उसाची आणि काही कोयत्याची, अशी ही वाटणी आहे.

कारखान्यांचे बॉयलर दसऱ्याच्या सुमारास पेटतात आणि प्रत्यक्ष गाळप ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सुरू होते. शाळेची दिवाळीची सुट्टीही याच दिवसांत पडते. सहामाहीचा शेवटचा पेपर होतो, सण उरकतो आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबे गाडीत बसतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे आईला मागे राहता येत नाही. सांभाळणारे आजी-आजोबा नसतील तर मुलेही कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, जातात. पहाटे आईबाप फडात गेले की पाणी भरणे, चूल पेटवणे आणि धाकट्याला सांभाळणे ही कामे बहुतेक वेळा थोरल्या मुलीच्या अंगावर पडतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, मार्च-एप्रिल उजाडतो. 2021-22 मध्ये ऊस इतका झाला की काही ठिकाणी गाळप जूनपर्यंत लांबले. तेव्हा दुसरे सत्र तर गेलेच, पुढच्या वर्षाचा पहिला दिवसही धोक्यात आला.

यावर पहिला उपाय साखरशाळांचा झाला. कारखान्याच्या आवारात किंवा तळावर हंगामापुरती शाळा भरू लागली. पण टोळी एका फडातून दुसऱ्या फडात हलते आणि गावची शाळा व तळावरची शाळा यांच्या नोंदी जुळत नाहीत. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यानंतर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांवर भर आला. मूल नातेवाइकांकडे राहते, दिवसा नेहमीच्या शाळेत जाते आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समिती पाहते. स्थलांतरित मुलाला जिथे जाईल तिथे प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्डही आले. या सर्वांत वसतिगृहच अधिक शहाणपणाचे, कारण त्यात मुलाचे सत्र तुटत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानेच पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस शाळा बंधनकारक केली. हे दिवस शाळेने भरायचे असतात. मूल त्यातल्या निम्म्या दिवसांना हजर नसले, तरी आठवीपर्यंत ते वरच्या वर्गात जाई. त्यामुळे वर्ष वाया जात नसे, पण दुसऱ्या सत्रातला भागाकार किंवा अपूर्णांक कायमचा मागे राही. राज्याने 2023 मध्ये पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास झालेल्यांना फेरपरीक्षेची संधी आहे, पण गैरहजेरीची किंमत आता निकालपत्रावर दिसू लागली आहे.

दहावीच्या मुलांसाठी दुसरे सत्र मुळातच तोकडे असते. 2025 ची परीक्षा तर फेब्रुवारीतच सुरू झाली. नापासांची ऑक्टोबरची परीक्षा 2015 पासून जुलैत होऊ लागल्याने निदान पुढचे वर्ष वाचते.

2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या अखेरीपर्यंत लांबवण्यात आल्या. त्यावर उन्हाची आणि 1 मेच्या निकालाची अडचण पुढे करून शिक्षकांनी नाराजी व्यक्त केली, आणि ती रास्तही होती. पण तोडणीहून परतलेल्या मुलाला याच उशिरामुळे निदान परीक्षेला बसता येते, हा मुद्दा त्या चर्चेत फारसा आला नाही.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारसारख्या गावात पाणी अडले आणि बाहेर गेलेली कुटुंबे परतली. तिथे सत्राला धक्का न लावताही स्थलांतराचा प्रश्न सुटला. बाकीच्या गावांत तोवर वसतिगृहांची मंजुरी, निधी आणि मुलांची यादी सहामाही परीक्षेआधी तयार असायला हवी. सुट्टी संपल्यावर सुरू होणाऱ्या वसतिगृहाचा उपयोग नाही, कारण तोवर टोळ्या निघून गेलेल्या असतात.