आधी पट्टा, मग हिरो: नवा कामेन रायडर कसा घडतो?

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा लोकलमध्ये नेट अडकतंय, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. अडखळलो तिथलं काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आज एक खेळ खेळू. समजा, तुम्हाला काम मिळालं: पुढच्या वर्षीचा कामेन रायडर डिझाइन करायचा. सुरुवात कुठून कराल?

बहुतेक जण कागद घेऊन आधी हेल्मेट काढतील. मीपण तेच केलं असतं. पण तिथपर्यंत पोचायच्या आधी बऱ्याच गोष्टी ठरलेल्या असतात, आणि त्यातल्या काही तर 1971 सालीच ठरल्यात.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. 'कामेन' म्हणजे मुखवटा. मुखवटा घालून मोटरसायकलवर फिरणारा हिरो, म्हणून कामेन रायडर. तोएई ही कंपनी मालिका बनवते, आणि मूळ कल्पना शोतारो इशिनोमोरी या मंगाकाराची. पहिला भाग 3 एप्रिल 1971 ला आला. तुम्ही पॉवर रेंजर्स बघत मोठे झाला असाल, तर हा त्याचा चुलतभाऊ समजा. पॉवर रेंजर्समधली मारामारीची दृश्यं ज्या सुपर सेंताई मालिकेतून घेतलेली असायची, तिची 1975 ची पहिली मालिकासुद्धा इशिनोमोरींचीच. फरक एवढाच की सेंताईमध्ये टोळी असते आणि रायडर मुळात एकटा असतो. हे 'एकटा' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर पहिल्या रायडरचा चेहरा कुठून आला? इशिनोमोरींची 'स्कल मॅन' नावाची एक मंगा होती, कवटीचा मुखवटा घालणाऱ्या माणसाची. त्यांना टीव्हीवरही तसंच काहीतरी हवं होतं. पण लहान मुलांच्या कार्यक्रमात हिरोच्या तोंडाजागी कवटी? नाही जमलं. मग ते कीटकांची चित्रं चाळायला लागले आणि त्यांना नाकतोडा सापडला. आता नाकतोड्याचं तोंड कधी जवळून बघा. मोठे डोळे, खाली ते जबड्याचे तुकडे. कवटीच दिसते! म्हणजे कवटी गेली नाही, हिरव्या रंगात लपून राहिली. त्यांनी बरीच स्केचेस काढली आणि शेवटी त्यांच्या छोट्या मुलाने बोट ठेवलं ते डिझाइन पक्कं झालं, अशी गोष्ट सांगतात.

कथाही त्या चेहऱ्याला साजेशी. होंगो ताकेशी या तरुणाला शॉकर नावाची दुष्ट संघटना पळवते आणि ऑपरेशन करून त्याला नाकतोडा-माणूस बनवते. मेंदू ताब्यात घ्यायच्या आधी तो निसटतो. म्हणजे ज्यांच्याशी तो लढतो ते राक्षस आणि तो, दोघे एकाच टेबलावर तयार झालेत. आपल्याच भावंडांना मारल्यासारखं आहे हे. रायडरच्या डोळ्यांखाली ज्या काळ्या रेषा असतात ना, त्यांना चाहते अश्रूंच्या रेषा म्हणतात. मुळात ती आतल्या माणसाला बाहेरचं दिसावं म्हणून ठेवलेली भोकं होती! गरज म्हणून पाडलेलं भोक, आणि बघणाऱ्याला त्यात रडणं दिसलं. माझ्या मते संपूर्ण मालिकेतलं सगळ्यात भारी डिझाइन हेच, आणि ते कोणी ठरवून केलेलंच नाही.

आता तुमच्या कामावर परत या. पहिला प्रश्न 'तो दिसतो कसा' हा नाही. पहिला प्रश्न असा: त्याची शक्ती आणि राक्षसाची शक्ती एकाच ठिकाणाहून येते का? येत नसेल तर तुम्ही हिरो छान बनवाल, रायडर नाही. 2000 सालच्या 'कूगा'मध्ये हिरोच्या पोटातला दगड आणि शत्रूंच्या अंगातली ताकद एकाच जातीची असते, आणि आपणही त्यांच्यासारखेच होऊ ही भीती त्याच्या मानेवर सतत बसलेली असते.

मी माझा एक रायडर बनवतो, म्हणजे बोलायला सोपं जाईल. थीम: सुईदोरा. शत्रू माणसांना नको त्या गोष्टींशी शिवून टाकतात आणि राक्षस तयार होतात. माझा हिरोही असाच शिवलेला आहे, फक्त त्याची शिवण अर्धवट राहिली. बरी वाटतेय ना? थांबा, ही कशी मार खाते ते बघूच.

त्याआधी 1971 मधला तो अपघात सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. होंगोचं काम करणारे हिरोशी फुजिओका सुरुवातीच्या भागांत सूटही स्वतःच घालायचे आणि मोटरसायकलही चालवायचे. शूटिंगमध्ये मोटरसायकलवरून पडले आणि पाय जबर मोडला. मालिका नुकती सुरू झालेली आणि हिरो हॉस्पिटलमध्ये! होंगोला मारून टाकायचं की काय यावर चर्चा झाली, पण शेवटी दुसरा रायडर आणायचं ठरलं. 14 व्या भागात इचिमोंजी हायातो आला, अभिनेते ताकेशी सासाकी.

आणि इथे गंमत. सासाकींकडे मोटरसायकलचं लायसन्सच नव्हतं! पहिला रायडर रूपांतर कसं करायचा? गाडी जोरात पळवायची, वारा पट्ट्यातल्या चक्राला लागायचा, चक्र फिरलं की शक्ती. नव्या माणसाला गाडी चालवता येत नाही म्हटल्यावर रूपांतर उभ्या उभ्या व्हायला हवं. मग हात एका बाजूला ताणून, गोल फिरवून 'हेनशिन!' ओरडायची पोझ आली. हेनशिन म्हणजे रूपांतर.

आता विचार करा, पाच वर्षांच्या पोराकडे मोटरसायकल नाही. पण हात आहेत. अंगणात, शाळेत, कुठेही उभं राहून त्याला हेनशिन करता येतं. फक्त एक गोष्ट कमी पडते, पट्टा. पॉपी या बँडाईच्या उपकंपनीने दिवा लागणारा, चक्र खरंच फिरणारा पट्टा बाजारात आणला आणि तो धडाधड खपला. त्याच सुमारास कॅल्बी कंपनीचा रायडर स्नॅक होता, त्यासोबत कार्ड मिळायचं. पोरं कार्ड काढून घ्यायची आणि खाऊ फेकून द्यायची. इतकी, की देशभर त्याची चर्चा झाली.

त्या वेळी अजून एक छोटा बदल झाला. पहिल्या रायडरचा सूट खूप गडद होता, रात्रीच्या दृश्यात तो अंधारात विरघळायचा. म्हणून दुसऱ्याच्या हातापायांवर बाजूने उजळ पट्टी आली. आज आपण त्याला स्टाइल म्हणतो, तेव्हा तो लायटिंगचा प्रॉब्लेम होता.

तर आजची स्थिती अशी की पट्टा आधी ठरतो. अगदी शब्दशः नसेल, पण तोएईचे निर्माते, इशिमोरी प्रॉडक्शन, बँडाई आणि बँडाईच्या गटातली प्लेक्स ही डिझाइन कंपनी, हे सगळे एकाच टेबलावर बसतात, आणि खेळणं कसं चालणार हा प्रश्न कथेच्या बरोबरीने असतो. काही लोकांना यात वाईट वाटतं, 'सगळा धंदा आहे' वगैरे. आहेच. पण धंद्याच्या अटीतून काय काय निघालंय बघा.

2009 चा 'डब्ल्यू' घ्या. पट्ट्यात दोन खाचा, दोन्हींत एकेक मेमरी घालायची. डावीकडे तीन, उजवीकडे तीन पर्याय, म्हणजे नऊ रूपं. खेळणं विकायला भारी, कारण एक मेमरी घेतली की दुसरी हवीच. पण लेखकांनी दोन खाचांचं काय केलं? दोन माणसं एका शरीरात टाकली! एक डिटेक्टिव्ह आणि एक विचित्र हुशार मुलगा, सूट मधोमध दोन रंगांचा. दोन खाचा नसत्या तर ती मैत्रीची गोष्ट त्या आकाराची झालीच नसती. पुढच्याच वर्षीच्या 'ओझ'ने तीन नाणी घेतली: डोकं, धड, पाय. पाच प्रकारचे प्राणी धरले तर 5 गुणिले 5 गुणिले 5, म्हणजे 125 जुळण्या. शूटिंगला अर्थातच एवढे सूट कोणी बनवत नाही, पण खिशात नाणी खुळखुळवत हिशोब करणाऱ्या पोराला ते सांगायचं कशाला! आणि कथा कशाबद्दल? हाव. नाणी गोळा करायला लावणारी मालिका हावेबद्दल बोलते. हा चावटपणा मला फार आवडतो.

वर्षभराचं वेळापत्रकही डिझाइनमध्ये येतं. 'डब्ल्यू'पासून नवा रायडर साधारण सप्टेंबरच्या आसपास सुरू होतो. म्हणजे ख्रिसमसपर्यंत मुलांना काहीतरी मोठं दिसायला हवं, नवं रूप, नवं शस्त्र. म्हणून तुमचं पहिलं डिझाइन मुद्दाम साधं लागतं. सगळं पहिल्याच दिवशी अंगावर चढवलं तर डिसेंबरमध्ये काय दाखवणार?

आता माझा सुईदोरा आणा. पट्टा म्हणजे शिलाई मशीनचं चाक, फिरवायला मस्त. रिळं बदलली की रंग बदलतो, रूप बदलतं. रिळं गोळा करता येतात, इथपर्यंत पास. सुई? नापास. टोकदार वस्तू चार-पाच वर्षांच्या हातात कोण देणार? मग सुई बोथट, जाड करावी लागेल, म्हणजे ती तलवारच झाली. आणि अंगावर लोंबणारे दोरे, जे मी स्केचमध्ये फार प्रेमाने काढले होते, ते पहिल्याच लाथेला कुठेतरी अडकणार. पहिल्या रायडरचा लाल स्कार्फ बघा: वाऱ्यावर उडतो, म्हणजे गाडी थांबलेली असली तरी वेग जाणवतो, आणि हेल्मेट व सूट जिथे जुळतात ती मान झाकतो. लोंबणारी एकच वस्तू, पण कामाची.

दोऱ्यांवरून सूटच्या आतल्या माणसाकडे येऊ. लोक इथे कमी लक्ष देतात. एका रायडरचे सहसा किमान दोन प्रकारचे सूट बनतात. एक क्लोजअपचा: कडक, चकचकीत, बारकावे सगळे. दुसरा मारामारीचा: मऊ मटेरियलचा, वाकता येईल, पडता येईल, आणि बघायला जागा असलेला. तुमच्या स्केचमधला टोकदार खांदा हात वर करू देत नसेल, तर हेनशिनची पोझच होणार नाही. माझ्या सुईदोऱ्याचे खांदे तर कात्रीच्या पात्यांचे होते. गेले.

आतला माणूस म्हणजे सूट अॅक्टर. सेइजी ताकाइवा हे नाव लक्षात ठेवा. 2001 च्या 'अगितो'पासून 2018 ला सुरू झालेल्या 'झी-ओ'पर्यंत, मधली 'हिबिकी' सोडली तर, प्रत्येक मुख्य रायडर तेच होते. चेहरा झाकलेला, आवाज दुसऱ्याचा, तो नंतर डब होतो. मग अभिनय कशाने करायचा? मानेने. हनुवटी थोडी खाली गेली की मुखवट्यावर सावली पडते आणि तोच चेहरा दुःखी दिसतो. वर केली की लाइट डोळ्यांवर येतो. 2007 च्या 'डेन-ओ'मध्ये एकाच हिरोच्या अंगात वेगवेगळे राक्षस येतात: एक भांडखोर, एक गोडबोल्या, एक बैलासारखा सरळ, एक लहान पोरासारखा नाचरा. सूटचा रंग नंतर बघा, आधी चाल बघा. आवाज बंद करून बघितलं तरी कळतं आत्ता कोण आलंय.

म्हणून चांगला डिझायनर मुखवट्यावर भाव कोरत नाही. हसरं तोंड काढलं की तो मरणाच्या प्रसंगातही हसत राहणार. 2016 च्या 'एक्स-एड'ने उलट धाडस केलं, हेल्मेटवर सरळ कार्टूनसारखी बुबुळं काढली, व्हिडिओ गेमची थीम म्हणून. पहिला फोटो आला तेव्हा भरपूर चाहत्यांनी नाकं मुरडली. मग बघितलं तर हिरो डॉक्टर निघाला, आजार गेममधून पसरतोय, आणि त्या हसऱ्या डोळ्यांमागे माणसं नाहीशी होताना दिसायला लागली. ते डोळे शेवटी शेवटी अंगावर येतात.

आणि मोटरसायकल? खरं सांगू, आता ती बऱ्याचदा नावालाच असते. 2014 च्या 'ड्राइव्ह'ने तर मोटार घेतली. पण नाकतोडा मात्र परत परत येतो. 2019 च्या 'झीरो-वन'मध्ये तो चकाकत्या पिवळ्या रंगात आला, विषय कृत्रिम बुद्धिमत्ता.

तर माझ्या सुईदोऱ्याचं काय उरलं? चाकाचा पट्टा, रिळं, मानेभोवती एकच जाड दोरा आणि चेहऱ्यावरची अर्धवट शिवण. ती मी डोळ्यांखाली ठेवलीय, उभी, दोन्ही बाजूंना. प्रत्येक हेनशिनला तिचा एक टाका उसवतो. डिसेंबरपर्यंत किती टाके उरतील, ते अजून ठरवलेलं नाही.

तुमचा रायडर काढा आणि पाठवा. फक्त पाठवायच्या आधी, त्याच्यासारखा खांदा पुठ्ठ्याचा करून अंगाला बांधा आणि हात वर होतोय का ते बघा.